टीव्हीला जोडलेल्या संगणकात वीज नेमकी कुठे जाते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ४के टीव्हीला कायमचा जोडून ठेवायला एक संगणक हवा आहे. साठवलेले चित्रपट, त्यातले बरेचसे ४के एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून साठवण्याची एक पद्धत), आणि जोडीला यूट्यूब, एवढंच त्याचं काम. वीज कमी लागावी म्हणून तुम्ही ३५ वॉटचा 'टी' मालिकेतला प्रोसेसर आणि एक छोटं ग्राफिक्स कार्ड ठरवलं आहे. जुन्या टॉवरमधला ६५० वॉटचा 'गोल्ड' (कार्यक्षमतेचा एक दर्जा) पॉवर सप्लाय आणि चार हार्डडिस्क नव्या संगणकात बसवायच्या आहेत. ही यादी ठीक आहे का, असं तुम्ही विचारलंत.

अशा कामाचे संगणक मी बरीच वर्षं जोडून देत आले आहे, म्हणून स्पष्टच सांगते: या यादीतल्या चारही गोष्टी मी बदलेन. तुमचे भाग वाईट आहेत असं अजिबात नाही. पण तुम्ही हिशेब धरलाय तो संगणक घाम गाळत असतानाचा, आणि या संगणकावर घाम गाळायची वेळ जवळजवळ येतच नाही. चित्रपट चालू असतानाही त्याचा प्रोसेसर बहुतांश वेळ रिकामा असतो. उरलेले वीस-एकवीस तास तर तो नुसता चालू असतो. वीज जाते ती या रिकाम्या तासांत. म्हणून प्रत्येक भाग निवडताना विचारायचं ते एकच: काहीही करत नसताना हा भाग किती वॉट घेतो?

आधी आकडे मांडू. एक वॉट वर्षभर अखंड चालू राहिला तर ८७६० तासांत ८.७६ युनिट होतात. समजा, जुना टॉवर निवांत असताना ५० वॉट आणि चित्रपट चालू असताना ७० वॉट घेतो. रोज तीन तास चित्रपट आणि उरलेले २१ तास नुसता चालू, असं धरलं तर दिवसाला १२६० वॉट-तास, म्हणजे वर्षाला सुमारे ४६० युनिट. तोच टॉवर चित्रपट पाहून झाल्यावर तासाभराने स्लीपमध्ये गेला आणि स्लीपमध्ये २ वॉट घेत राहिला, तर दिवसाला ३०० वॉट-तास होतात, वर्षाला ११० युनिट. आता नवा, नीट निवडलेला संगणक घ्या: निवांत १० वॉट, चित्रपटाला १८ वॉट. तो चोवीस तास चालू ठेवला तर वर्षाला ९६ युनिट होतात. त्यालाही स्लीपची शिस्त लावली, स्लीपमध्ये दीड वॉट धरला, तर ३४.

हे आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमचे वेगळे येतील. पण त्यांचं एकमेकांशी असलेलं नातं नीट बघा. जुना टॉवर वेळेवर झोपवला तर तो चोवीस तास जाग्या असलेल्या नव्या संगणकाच्या जवळपास येतो. म्हणजे सगळ्यात मोठी बचत एकही भाग विकत न घेता होते. नवा संगणक घ्यायचाच असेल तर तो झोपेल आणि रिमोटने हमखास जागा होईल याची खात्री सगळ्यात आधी करा. नाहीतर पहिल्या आठवड्यातच घरातलं कुणीतरी वैतागून स्लीप बंद करून टाकेल. मी दिलेल्या संगणकांमध्ये वीज वाया जाण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच निघालं आहे.

तुमचा टीव्हीसुद्धा हिशेबात धरा. ५५ इंचाचा ४के टीव्ही साधारण १०० वॉटच्या आसपास घेतो, एचडीआरमध्ये, म्हणजे उजेड-अंधाराचा जास्त पल्ला दाखवणाऱ्या चित्रात, त्याहून जास्त. रोजचे तीन तास म्हणजे त्याचेच वर्षाला ११० युनिट झाले. चित्रपट चालू असताना संगणक १८ वॉट घेतो की २२, याला त्यापुढे फारसा अर्थ उरत नाही. त्यासाठी महाग भाग घेऊ नका.

आता प्रोसेसर. खोक्यावरचा टीडीपी हा मुळात उष्णतेच्या नियोजनासाठीचा आकडा आहे. सतत भार असताना प्रोसेसरला किती उष्णता बाहेर टाकू द्यायची, याची ती मर्यादा असते. निवांत असताना तो किती घेतो हे त्यावरून कळत नाही. इंटेलचा 'टी' प्रोसेसर आणि त्याचा बिन-टी भाऊ बहुतेक वेळा एकाच सिलिकॉनचे असतात. 'टी'ची कमाल मर्यादा खाली आणलेली असते, इतकंच. निवांत असताना दोघांची मापं जवळपास सारखी येतात. उलट एखादं लहानसं काम आलं की बिन-टी ते पटकन उरकून पुन्हा झोपतो, आणि 'टी' तेच काम थोडा जास्त वेळ करत बसतो. पेटी अगदी लहान असेल, पंखा इवलासा असेल, तर 'टी' जरूर घ्या, कारण तिथे उष्णता हाच प्रश्न असतो. वीज वाचवायला म्हणून त्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

पाहायचं ते हे: त्या प्रोसेसरमधल्या अंगभूत ग्राफिक्समध्ये तुमच्या फाइलींचा डीकोडर हार्डवेअरमध्ये आहे का? व्हिडिओ उलगडण्यासाठी चिपमध्ये एक वेगळा, त्या एकाच कामासाठी बनवलेला भाग असतो. तो ४के चित्रपट अगदी थोड्या वॉटमध्ये उलगडतो आणि प्रोसेसरच्या मुख्य कोअरना हात लावावा लागत नाही. हा भाग नसेल तर तेच काम सगळ्या कोअरवर सॉफ्टवेअरने करावं लागतं. मग वीज कित्येक पट वाढते, पंखा ओरडायला लागतो, आणि वेगवान दृश्यात फ्रेम गळतात. असला डीकोडर असलेला साधा प्रोसेसर तो नसलेल्या ताकदवान प्रोसेसरपेक्षा या कामाला केव्हाही सरस ठरतो.

कोणता कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबण्या-उलगडण्याची पद्धत, कुठून पुढे मिळतो तेही सांगते. एच.२६४ चं प्रमाण २००३ चं. ते आज कशावरही चालतं. एचईव्हीसी आणि व्हीपी९ दोन्ही २०१३ चे, पण ४के एचडीआर चित्रपट १० बिटचे, म्हणजे रंगांच्या जास्त छटांचे, असतात आणि अडतं ते तिथे. इंटेलमध्ये १० बिट एचईव्हीसी आणि १० बिट व्हीपी९ दोन्ही पूर्णपणे हार्डवेअरमध्ये आले ते सातव्या पिढीपासून. सहाव्या पिढीत एचईव्हीसी आहे, पण ८ बिटपुरतं, म्हणून जुन्या बाजारातला सहाव्या पिढीचा संगणक तुमच्या कामाचा नाही. एव्ही१ या आणखी नव्या कोडेकचं प्रमाण २०१८ मध्ये आलं आणि इंटेलमध्ये त्याचा डीकोडर अकराव्या पिढीपासून मिळतो, तोही अंगभूत ग्राफिक्स नव्या जातीचं असेल तरच. बाराव्या पिढीपासून ही काळजी उरत नाही. एएमडीमध्ये ५६००जी सारखे प्रोसेसर १० बिट एचईव्हीसी आणि व्हीपी९ उत्तम चालवतात, पण एव्ही१ नाही. ८५००जी आणि ८६००जी मध्ये ते आहे.

एक अपवाद लक्षात ठेवा. १० बिट एच.२६४ नावाचा प्रकार, जो जुन्या ॲनिमे संग्रहांत खूप आढळतो, बहुतेक हार्डवेअर डीकोडरना उलगडता येत नाही. तो सॉफ्टवेअरनेच चालतो. सुदैवाने अशा फाइली बहुधा १०८०पी किंवा त्याहून लहान असतात, त्यामुळे साधा चार कोअरचा प्रोसेसरही त्या निभावून नेतो.

एव्ही१ नसलेला संगणक बाद करावा का? तुमच्या बाबतीत ते यूट्यूब किती पाहता यावर अवलंबून आहे. साठवलेले चित्रपट एचईव्हीसी असतील तर त्यांना एव्ही१ शी देणंघेणं नाही. यूट्यूबवर बरेच व्हिडिओ एव्ही१ मध्ये येतात, पण ब्राउजरने एव्ही१ चालत नाही असं सांगितलं की यूट्यूब व्हीपी९ देतं. त्यासाठी ब्राउजरचं एखादं एक्स्टेंशन पुरतं. शिवाय डेव्ह१डी हा सॉफ्टवेअर डीकोडर इतका चांगला लिहिलेला आहे की १०८०पी एव्ही१ आठव्या पिढीच्या प्रोसेसरवरही सहज चालतं. ४के ६० फ्रेमला मात्र धाप लागते. नवा संगणक घेणार असाल तर एव्ही१ असलेलाच घ्या. स्वस्तात चांगला जुना मिळत असेल तर ते नाही म्हणून सोडू नका.

या सगळ्यातून माझी पहिली पसंती इंटेलच्या एन१०० या चिपला असते. जानेवारी २०२३ मध्ये ती आणि तिची भावंडं आली. चार लहान कोअर, ६ वॉट टीडीपी, आणि एचईव्हीसी, व्हीपी९, एव्ही१ या तिन्हींचे १० बिट डीकोडर. मदरबोर्डावरच बसवलेली येते, तयार मिनी पीसीतही मिळते. निवांत असताना अख्खा संगणक भिंतीच्या सॉकेटवर ६ ते १० वॉटच्या दरम्यान मोजला जातो. हा फरक बोर्ड आणि बायोसच्या (बोर्डातल्या मूळ सॉफ्टवेअरच्या) सेटिंगमुळे पडतो. तिची मर्यादाही सांगते: मेमरीचा एकच चॅनल, आणि पीसीआयई लेन (कार्ड, ड्राइव्ह जोडायच्या वाटा) फक्त ९. खूप डिस्क, वेगवान नेटवर्क कार्ड असं सगळं लावायचं असेल तर ती तोकडी पडते. ब्राउजरमध्ये दहा टॅब उघडून त्यावर दुसरं कामही करणार असाल तर बाराव्या पिढीचा आय३-१२१०० आणि एक साधा बोर्ड घ्या. नीट जुळवला तर तोही निवांत १० ते १५ वॉटमध्ये बसतो. फक्त नावाच्या शेवटी 'एफ' असलेला घेऊ नका. त्यात अंगभूत ग्राफिक्सच नसतं, आणि थोडी बचत करायला जाऊन कार्ड घ्यावं लागतं.

एएमडीकडे जायचं असेल तर 'जी' मालिकाच घ्या. तिच्यात सगळं एकाच सिलिकॉनवर असतं. बाकीच्या बऱ्याच डेस्कटॉप रायझनमध्ये कोअरची चिप वेगळी आणि इनपुट-आउटपुटची वेगळी असते, आणि त्या दोघींमधला संवाद कायम जागा ठेवावा लागतो. निवांत असताना त्याचे दहा-पंधरा वॉट सहज जास्त जातात. खेळासाठी किंवा एडिटिंगसाठी ते प्रोसेसर अप्रतिम आहेत, पण टीव्हीखाली ठेवायला नाहीत.

तिसरा रस्ता म्हणजे कार्यालयांतून निघालेले एक लिटर आकाराचे छोटे संगणक: लेनोवोचे टायनी, डेलचे मायक्रो, एचपीचे मिनी. लॅपटॉपसारखा अडॅप्टर, मोजकाच बोर्ड, निवांत वापर दहा वॉटच्या आत-बाहेर. आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा असेल तर एव्ही१ सोडून तुमचं सगळं काम होतं. मी हे आवडीने सुचवते, कारण आधीच बनलेली वस्तू आणखी काही वर्षं कामाला येते. नवी वस्तू बनवताना लागलेली ऊर्जा आपल्या मीटरवर दिसत नाही, पण ती कुठेतरी खर्च झालेलीच असते. घेताना एक गोष्ट तपासा: यातल्या अनेकांना एचडीएमआय नसतं, डिस्प्लेपोर्ट असतो. एचडीएमआय असलं तरी ते १.४ असू शकतं, आणि त्यावर ४के फक्त ३० हर्ट्झला चालतं. ४के ६० हर्ट्झला एचडीएमआय २.० लागतं. डिस्प्लेपोर्टवरून एचडीएमआय २.० देणारा सक्रिय अडॅप्टर मिळतो, पण सगळ्यांवर एचडीआर नीट जात नाही. म्हणून शक्यतो पोर्टच योग्य असलेला बघा.

रास्पबेरी पायबद्दल कुणीतरी विचारेलच. निवांत वापर तीन वॉटच्या आसपास, हे खरं आणि मोहक आहे. पाय ४ आणि पाय ५ दोन्हींत ४के एचईव्हीसीचा डीकोडर आहे आणि लिब्रईएलईसी ही छोटी ऑपरेटिंग सिस्टिम टाकून कोडी हे चित्रपट चालवणारं सॉफ्टवेअर सुरेख चालतं. पण व्हीपी९ किंवा एव्ही१ चा हार्डवेअर डीकोडर नाही, आणि पाय ५ मध्ये तर एच.२६४ सुद्धा सॉफ्टवेअरने उलगडावं लागतं. संग्रह शंभर टक्के एचईव्हीसी असेल तर तो सगळ्यात काटकसरी मार्ग आहे. तुम्हाला ४के यूट्यूबही हवं आहे, म्हणून मी तुम्हाला तो सुचवत नाही.

ग्राफिक्स कार्ड लागतं का? तुम्ही लिहिलेल्या कामासाठी नाही. कार्ड म्हणजे वेगळी मेमरी, वेगळा व्होल्टेज नियामक, बहुधा वेगळा पंखा. पडद्यावर काही नसतानाही ते ५ ते १५ वॉट घेत राहतं. त्यात मौज अशी की छोटी कार्डं कधीकधी नेमकी डीकोडरमध्येच लंगडी असतात. एएमडीच्या आरएक्स ६४०० आणि ६५०० एक्सटी मध्ये एव्ही१ चा डीकोडर नाही, त्याच पिढीच्या मोठ्या कार्डांत आहे. एनव्हिडियामध्ये एव्ही१ आरटीएक्स ३० मालिकेपासून आहे, जीटीएक्स १६५० मध्ये नाही. इंटेलच्या आर्क ए३१० आणि ए३८० मध्ये डीकोडर उत्तम आहेत, पण बायोसमध्ये एएसपीएम (पीसीआयईच्या वाटा निवांत असताना झोपवणारं सेटिंग) नीट चालू केलं नाही तर निवांत वापर डोळ्यांत भरण्याइतका जास्त राहतो. कार्डाची गरज खरोखर दोन वेळा पडते: एमपीव्ही किंवा मॅडव्हीआर या व्हिडिओ दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जड स्केलर (चित्र मोठं करणारी गणितं) लावून कमी रिझोल्यूशनचं चित्र सुधारायचं असेल, किंवा एचडीआर चित्रपट साध्या पडद्यावर उत्तम टोन मॅपिंगने (उजेडाचा पल्ला पडद्याला झेपेल इतका आटवून) पाहायचा असेल. चित्राच्या दर्जाची ही आवड असेल तर ते वॉट सत्कारणी लागतात. तुमचा टीव्ही स्वतः ४के एचडीआर आहे. त्याला सिग्नल जसाच्या तसा पाठवला की झालं.

आता पॉवर सप्लाय. इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण चांगल्या माहितगार लोकांचीही गफलत होते. ८० प्लस गोल्डची चाचणी २०, ५० आणि १०० टक्के भारावर होते. तुमच्या ६५० वॉटच्या सप्लायचा २० टक्के भार म्हणजे १३० वॉट. तुमचा संगणक निवांत असताना घेणार १०-१२ वॉट, म्हणजे २ टक्केसुद्धा नाही. त्या टोकाला गोल्डचं प्रमाणपत्र काहीच सांगत नाही. दहा टक्के भारावरची कार्यक्षमता तपासली जाते ती टायटॅनियमसारख्या अगदी वरच्या दर्जात, आणि तीसुद्धा इथे ६५ वॉट होते. मोठ्या सप्लायला स्वतःची सर्किटं जागी ठेवायलाच काही वॉट लागतात, म्हणून दोन टक्के भारावर कार्यक्षमता अनेकदा ६०-७० टक्क्यांवर घसरते. नव्या, चांगल्या रचनेच्या काही सप्लायमध्ये हे सुधारलं आहे, पण तुमचा सप्लाय जुन्या टॉवरमधला आहे.

आतल्या भागांना १२ वॉट हवे असतील तर ६० टक्के कार्यक्षमतेवर भिंतीतून २० वॉट ओढले जातात आणि ८५ टक्क्यांवर १४. फरक ६ वॉटचा, चोवीस तास चालू ठेवला तर वर्षाला ५२ युनिट. प्रोसेसर बदलूनही इतका फरक पडेलच असं नाही. म्हणून अशा संगणकाला बाहेरचा अडॅप्टर द्यावा. ज्या मिनी-आयटीएक्स बोर्डांना १९ व्होल्टचं गोल सॉकेट असतं ते थेट लॅपटॉपच्या अडॅप्टरवर चालतात. तसं नसेल तर पिकोपीएसयू सारखी छोटी डीसी-डीसी पट्टी २४ पिनच्या सॉकेटमध्ये बसते आणि १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालते. अडॅप्टर मात्र चांगल्या प्रतीचा हवा. ६० ते ९० वॉटचा पुरतो, डिस्क जास्त असतील तर पुढच्या परिच्छेदातली एक अट लक्षात घ्या.

साडेतीन इंची हार्डडिस्क फिरत असते तेव्हा नुसती बसूनही ४ ते ६ वॉट घेते. चार डिस्कचे २० वॉट झाले. म्हणजे तुमच्या नव्या संगणकात बाकी सगळं मिळून जेवढं लागेल त्याच्या दुप्पट, आणि तेही काही वाचत-लिहीत नसताना. फिरायला सुरुवात करताना १२ व्होल्टच्या तारेवर एकेक डिस्क २ अँपिअरच्या आसपास ओढते. चारही एकदम सुरू झाल्या तर क्षणभर शंभर वॉट लागतात, आणि लहान अडॅप्टर त्या क्षणाला बंद पडतो. म्हणून चार लहान डिस्कऐवजी एक मोठी डिस्क घ्या. एका १६ टीबी डिस्कची निवांत वीज एका ४ टीबी डिस्कएवढीच असते, चारची नसते. जुन्या चार डिस्क फेकू नका. त्या बॅकअपसाठी ठेवा, कपाटात, बंद. मोठी डिस्क एकच असली तर ती गेल्यावर सगळंच जातं, त्यामुळे तो बॅकअप तुम्हाला तसाही लागणार आहे.

डिस्क वापर नसताना थांबवायचीही सोय असते. पाच मिनिटांवर लावू नका. सारखी थांबत-सुरू होत राहिली तर झीज वाढते, आणि प्रत्येक वेळी चित्रपट सुरू व्हायला दहाएक सेकंद लागतात. अर्धा ते एक तास योग्य. ऑपरेटिंग सिस्टिम आणि कोडीची लायब्ररी एसएसडीवर ठेवा, म्हणजे मेनू चाळताना मोठ्या डिस्कला उठावं लागणार नाही. संग्रह चार टीबीच्या आत असेल तर सरळ मोठी एसएसडी घ्या आणि फिरती डिस्क विसरा. साटा एसएसडी निवांत असताना वॉटचा लहानसा अंश घेते.

याच ठिकाणी एक निर्णय तुम्हाला घ्यावा लागेल, जो तुमच्या प्रश्नात नव्हता. या फाइली घरातली इतर उपकरणंही वाचणार आहेत का? तसं असेल तर हा संगणक सर्व्हर होतो, सर्व्हर झोपत नाही, आणि वर मांडलेला स्लीपचा सगळा हिशेब कोसळतो. मग निवांत वॉट दुप्पट महत्त्वाचे ठरतात. मागणी आल्यावर नेटवर्कवरून जागं करण्याची सोय, म्हणजे वेक-ऑन-लॅन, बहुतेक बोर्डांवर असते, पण घरातल्या सगळ्यांना ती वापरायला लावणं सोपं नसतं. फक्त याच टीव्हीवर पाहायचं असेल तर सगळं एका पेटीत ठेवा आणि निर्धास्त झोपवा.

मेमरीबद्दल फार बोलायचं नाही. ८ जीबी पुरते. बोर्ड दोन चॅनलचा असेल तर ४-४ च्या दोन पट्ट्या अंगभूत ग्राफिक्सला थोड्या उपयोगी पडतात. ३२ जीबी टाकून काही सुधारत नाही. नेटवर्क १ गिगाबिट भरपूर झालं: ४के ब्लू-रेचा प्रवाह दीडशे मेगाबिट प्रति सेकंदाच्या आतच असतो. १० गिगाबिटचं तांब्याच्या तारेचं कार्ड लावलं तर तेच काही वॉट विनाकारण घेईल.

मदरबोर्ड जितका साधा तितका बरा. दिवे, जादा कंट्रोलर, दोन-दोन नेटवर्क चिप, जादा यूएसबी हब, प्रत्येकाचा अर्धा-एक वॉट असतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की निवांत असताना अख्खी प्रोसेसर चिप खोल झोपेत जाते, तिला पॅकेज सी-स्टेट म्हणतात. पण जोडलेलं एक उपकरण जरी झोपायला तयार नसेल तरी चिपला जागं राहावं लागतं. कॉलनीत एकाच घरात रात्रभर लग्नाची तयारी चालली असेल तर पहारेकऱ्याला डोळा लावता येत नाही, तसं हे. एक जुनं साटा कार्ड किंवा एक बेशिस्त एनव्हीएमई ड्राइव्ह, तिचा स्वतःचा वापर एक-दोन वॉटचा असला तरी, संगणकाचा निवांत वापर पाच-दहा वॉटने वर ठेवू शकते. म्हणून डिस्क बोर्डवरच्या साटा पोर्टलाच लावा आणि जादा कार्ड टाळा. बायोसमध्ये सी-स्टेट आणि एएसपीएम ही दोन्ही सेटिंग चालू आहेत का ते बघा. अनेक बोर्डांवर ती सुरुवातीला बंद असतात, आणि पुष्कळ लोक महागडे भाग घेऊनही इथेच हरतात. लिनक्सवर पॉवरटॉप चालवलं की चिप कुठल्या सी-स्टेटपर्यंत उतरते ते दिसतं.

झोपेचंही बायोसमध्ये एक गुंतागुंतीचं प्रकरण आहे. ईआरपी नावाचं सेटिंग चालू केलं की बंद संगणकाचा वापर अर्ध्या वॉटच्या खाली जातो, पण ते यूएसबीची वीज तोडूनच. मग यूएसबीला लावलेल्या रिमोटच्या रिसीव्हरने संगणक उठत नाही. रिमोटने उठवायचा असेल तर ईआरपी बंद ठेवा, संगणक बंद न करता स्लीपमध्ये टाका, आणि ते एक-दीड वॉट खुशीने द्या. टीव्हीच्या रिमोटनेच संगणक चालावा असं वाटत असेल तर एचडीएमआय-सीईसी लागतं. बहुतेक संगणकांच्या ग्राफिक्सवर ते नसतं, त्यासाठी यूएसबीचा वेगळा अडॅप्टर मिळतो.

भाग बरोबर असले तरी सॉफ्टवेअर त्यांचा वापर करतंय का, हे एकदा डोळ्यांनी बघा. एमपीव्हीमध्ये हार्डवेअर डीकोडिंग सुरुवातीला बंद असतं, सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ लिहून ते चालू करावं लागतं. विंडोजवर टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूखाली व्हिडिओ डीकोडचा आलेख असतो. चित्रपट लावल्यावर तो हलला आणि प्रोसेसर दहा टक्क्यांच्या खाली राहिला की काम झालं. लिनक्सवर ब्राउजरमध्ये हे जुळवायला कधीकधी बरीच खटपट पडते, त्या मानाने कोडीत ते विनासायास चालतं. सशुल्क स्ट्रीमिंग सेवाही पाहणार असाल तर हेही लक्षात घ्या: लिनक्सच्या ब्राउजरमध्ये त्या कॉपी-संरक्षणामुळे कमी रिझोल्यूशनच देतात, आणि डॉल्बी व्हिजन (एचडीआरचा एक प्रकार) संगणकावरून टीव्हीपर्यंत नीट पोचवणं अजूनही त्रासाचं आहे. त्या सेवा टीव्हीतल्या ॲपवर किंवा स्ट्रीमिंगच्या छोट्या डबीवर पाहा. ती काही वॉटवर चालते आणि हे काम संगणकापेक्षा चांगलं करते.

शेवटी मोजमाप. सॉकेटमध्ये लावायचा साधा वॉटमीटर घ्या. त्यावर व्हीए आणि वॉट असे दोन आकडे दिसतील. लहान अडॅप्टरचा पॉवर फॅक्टर कमी असल्याने व्हीए बराच मोठा दिसतो, पण घरचा मीटर मोजतो ते वॉट. एखाद्या क्षणाचा आकडा घेऊ नका. संगणक सुरू झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं शांत होऊ द्या, मग निवांत, चित्रपट आणि स्लीप अशी तीन मापं घ्या आणि मी सुरुवातीला मांडलेल्या हिशेबात तुमचे तास घालून बघा.

आणि हेच मोजमाप सगळ्यात आधी तुमच्या जुन्या टॉवरवर करा, नवं काही घेण्याआधी. त्यातल्या चार डिस्कपैकी तीन काढून आणि कार्ड असेल तर तेही काढून पुन्हा मोजा. त्याचा प्रोसेसर कोणत्या पिढीचा आहे आणि ही दोन मापं काय आली ते इथे लिहा. सातव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा निघाला आणि अंगभूत ग्राफिक्स असलं, तर कदाचित तुम्हाला फक्त एक सप्लाय आणि एक मोठी डिस्क एवढंच घ्यावं लागेल.